कंगाल नव्हे, कांगाल!

फळ्यावर मी एक नाव लिहिलं आणि आमचा चौथीचा वर्ग खो-खो हसत सुटला. नाव होतं 'कांगाल'.

"बाई, कंगाल म्हणजे भिकारी ना?" पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं.

मित्रांनो, तुम्हालाही हसू आलं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण हा कांगाल समोर येऊन उभा राहिला, की हसायची कुणाची छाती होत नाही! कांगाल ही कुत्र्याची एक जात आहे. पुरता वाढलेला कांगाल खांद्यापाशी अडीच फूट उंच भरतो. वजन ५० ते ६० किलो. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात त्याला बसवलं, तर दुसऱ्या पारड्यात चौथीतली दोन पोरं बसवावी लागतील. अंगाचा रंग गव्हाळ, पण तोंड आणि कान काळे. जणू नुकतंच चुलीत तोंड घालून आलाय! तुर्कस्तानात सिवास नावाचा प्रांत आहे. तिथल्या कांगाल या भागावरून त्याला हे नाव पडलं. तिथले मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या हा कुत्रा मेंढरांच्या राखणीला ठेवत आले आहेत. लांडग्यानं नरड्याला धरू नये म्हणून त्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात.

आता हे नाव आमच्या फळ्यावर आलं कसं? तर त्याला कारण होता चित्ता.

१७ सप्टेंबर २०२२ ची गोष्ट. आफ्रिकेतल्या नामिबिया देशातून आठ चित्ते विमानानं आपल्या देशात आले आणि मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात त्यांना सोडण्यात आलं. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते टीव्हीवर पाहिलं असेल. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं होतं. त्यानंतर सत्तर वर्षांनी तो पुन्हा आला, म्हणून केवढं कौतुक! वर्गातही दुसरा विषय नव्हता. तेवढ्यात एकानं विचारलं, "बाई, आपले चित्ते तर संपले. मग त्यांच्याकडे कसे काय उरले?"

प्रश्न चांगला होता, आणि खरं सांगते, मला उत्तर येत नव्हतं. "उद्या सांगते" असं म्हणून मी वेळ मारून नेली. मग शोधाशोध केली, तर उत्तरात सापडला हा काळतोंड्या कुत्रा. चित्त्याला वाचवणारा कुत्रा! उलटंच वाटतं ना ऐकायला?

नामिबिया हा आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा, पश्चिम किनाऱ्यावरचा कोरडा देश. पाऊस कमी. खुरटं गवत आणि काटेरी झुडपं. अशा जमिनीत पिकं फारशी येत नाहीत. म्हणून माणसं गाई, शेळ्या, मेंढ्या पाळतात. तिथली खासगी शेतं म्हणजे आपल्यासारखी एक-दोन एकरांची नव्हेत. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नाही!

तिथले बहुतेक चित्ते अभयारण्यात राहत नाहीत. ते राहतात या शेतांच्या आणि चराऊ रानांच्या भागात. कारण राखीव जंगलात सिंह असतात, तरस असतात. ते चित्त्याची शिकार हिसकावून घेतात आणि त्याचे बछडे मारतात. शेतांच्या भागातून माणसानं सिंहांना आणि तरसांना कधीच हुसकून लावलं आहे. म्हणून चित्त्याला तिथं बरं वाटतं. पण तिथंच शेळ्याही चरत असतात. सकाळी चरायला गेलेल्या साठ शेळ्यांतल्या संध्याकाळी अठ्ठावन्नच परत आल्या, तर मालक काय करणार? बंदूक उचलणार. १९८० ते १९९० या दहा वर्षांत नामिबियात हजारो चित्ते असे मारले गेले किंवा पिंजरे लावून पकडले गेले. आज साऱ्या जगात मोकळ्या रानात उरलेले चित्ते सात हजारांच्या आसपास आहेत. म्हणजे तो केवढा मोठा संहार होता, याचा अंदाज करा.

लॉरी मार्कर नावाच्या अमेरिकन बाई १९७७ साली 'खय्याम' नावाची एक पाळलेली चित्ता मादी घेऊन नामिबियात गेल्या होत्या. माणसात वाढलेल्या चित्त्याला शिकार शिकता येते का, हे त्यांना पाहायचं होतं. तिथं त्यांच्या लक्षात आलं, की इथले शेतकरी चित्त्याला सरसकट गोळ्या घालतात. पुढं १९९० साली त्यांनी 'चीता कॉन्झर्वेशन फंड' ही संस्था काढली आणि नामिबियातच मुक्काम ठोकला. त्या शेतकऱ्यांच्या दारोदार फिरल्या. मला त्यांची एक गोष्ट फार आवडली. "चित्ते मारू नका" असा नुसता उपदेश करून त्या थांबल्या नाहीत. शेळ्या वाचल्या तरच चित्ता वाचेल, हे त्यांनी ओळखलं. मग १९९४ पासून कांगाल आणि त्याच जातकुळीतले अॅनाटोलियन कुत्रे नामिबियात आणण्यात आले. आजवर त्यांच्या वंशातली सहाशेहून अधिक पिल्लं शेतकऱ्यांकडे राखणीला गेली आहेत. ज्यांच्याकडे ती गेली, त्यातले पुष्कळ शेतकरी सांगतात, की शेळ्या-मेंढ्यांचं नुकसान ८० ते १०० टक्क्यांनी घटलं.

तुम्ही म्हणाल, मग हा कुत्रा रोज चित्त्याशी मारामारी करत असेल! छे! गंमत तीच तर आहे. मारामारीची वेळच सहसा येत नाही.

चित्त्याचा विचार करून पाहा. वजन जेमतेम ३५ ते ५५ किलो. लांब काटकुळे पाय, लहानसं डोकं. सारं शरीर पळण्यासाठी बनलेलं. त्याचा एक पाय दुखावला की धावणं बंद, धावणं बंद की शिकार बंद, आणि शिकार बंद म्हणजे उपासमार. म्हणून चित्ता भांडणाच्या वाटेला जात नाही. कळपाच्या पुढं एक दांडगा कुत्रा येऊन उभा राहिला आणि घुमणाऱ्या आवाजात भुंकू लागला, की तो निमूटपणे वाट बदलतो. शेळी वाचते, कुत्रा वाचतो आणि चित्ताही वाचतो. मालकाला बंदूक काढायची गरजच पडत नाही.

इथं एक घोटाळा नेहमी होतो, तो आधीच दूर करते. परदेशी सिनेमात तुम्ही मेंढरं हाकणारे कुत्रे पाहिले असतील. चपळ, काळे-पांढरे, जमिनीसरसे वाकून डोळे रोखत पुढं सरकणारे. ते 'बॉर्डर कॉली'. त्यांना पाहून मेंढरं घाबरतात, म्हणून तर पळतात. राखणीचा कुत्रा हाकत नाही, पाठलाग करत नाही. तो कळपातच चालतो, कळपातच बसतो. त्याचं मोठं डोकं आणि लोंबते कान पाहून शेळ्या बिचकत नाहीत. करडं तर खुशाल त्याच्या अंगावर चढून बसतात!

हे त्याला शिकवतं कोण? कुणीच नाही, आणि सगळेच. आता मी तुम्हाला एका पिल्लाचं पहिलं वर्ष सांगते. कारण पुढचं सगळं त्या एका वर्षावर उभं असतं.

नामिबियातल्या त्या केंद्रात पिल्लं जन्मतात ती शेळ्यांच्या सोबतीनं. दोन आठवड्यांनी डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून पुढं साधारण तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत पिल्लाच्या मनाची पाटी कोरी असते. या काळात ते ज्यांचा वास घेईल, ज्यांच्या कुशीत झोपेल, ज्यांच्याशी खेळेल, ते त्याचे जन्माचे सोयरे. माणसांच्या घरात वाढलं तर माणसं. शेळ्यांत वाढलं तर शेळ्या. ही वेळ एकदा निघून गेली, की नंतर कितीही डोकं आपटलं तरी तसं नातं जमत नाही. म्हणून आठ-दहा आठवड्यांचं झालं की पिल्लू शेतकऱ्याच्या स्वाधीन करतात आणि ते थेट त्याच्या शेळ्यांच्या वाड्यात जातं. त्याआधी पिल्लाला कसं सांभाळायचं हे शेतकऱ्यालाही शिकावं लागतं. शिकवणी कुत्र्याला कमी आणि मालकाला जास्त, असा तो प्रकार आहे!

वाड्यातच एका कोपऱ्यात पिल्लासाठी छोटी जागा कुडानं वेगळी करतात. शेळ्यांना तिथं शिरता येत नाही, पण फटीतून नाकाला नाक लागतं. पिल्लाचं खाणं, पाणी, सावली सगळं तिथंच. खाणं वेगळं का? कारण शेळ्या त्याच्या ताटलीवर तुटून पडतात, आणि मग पिल्लू त्यांच्यावर गुरगुरायला शिकतं. ज्यांची राखण करायची त्यांच्यावरच गुरगुर! सुरुवातीला एखाद-दुसरी गरीब शेळी किंवा करडं त्याच्या सोबतीला ठेवतात. शिंगं उगारणारी तापट शेळी पहिल्याच दिवशी भेटली, तर पिल्लू कायमची धास्ती घेतं.

सर्वांत अवघड नियम आहे तो घरातल्या मुलांसाठी. म्हणजे तुमच्यासारख्यांसाठी! पिल्लू दिसायला इतकं गोजिरवाणं असतं, की कुणालाही वाटतं, घरात न्यावं, मांडीवर घ्यावं, रात्री पांघरुणात घेऊन झोपावं. पण तसं केलं की संपलं. मग शेळ्या रानात आणि कुत्रा ओसरीवर! म्हणून भेटायचं ते वाड्यात जाऊन. अंगावरून हात फिरवायचा, पंजे उचलून पाहायचे, कान तपासायचे, तोंड उघडून दात बघायचे. हे मात्र रोज करायचं. नाहीतर पुढं ५० किलोचा तो धिप्पाड गडी पंजातला काटा काढायलाही जवळ येऊ देत नाही. लळा हवा, पण लाड नकोत. आम्हा शिक्षकांना हा हिशेब रोजच सांभाळावा लागतो, म्हणून मला तो लगेच पटला.

तीन महिन्यांच्या सुमाराला पिल्लू कळपाबरोबर रानात जायला लागतं. तेही गुराख्याच्या सोबतीनं, थोडा वेळ, थंड वेळेला. दमलं तर उचलून आणायचं. शेळ्यांची दिवसाची रपेट कित्येक किलोमीटरांची असते आणि पिल्लाची हाडं अजून कोवळी असतात. घोटभर पाणी बरोबर न्यावंच लागतं.

आणि मग येतो टगेपणाचा काळ. सहा महिने ते दीड वर्ष. (मोठ्या वर्गातल्या वाचकांनी हे स्वतःवर ओढवून घेऊ नये!) अंग वाढलेलं, अक्कल वाढायची राहिलेली. या वयात कुत्रा करडांच्या मागं धावतो, त्यांचे कान ओढतो, मस्ती करता करता एखादं करडू मारूनही टाकतो. त्याच्या मनात पाप नसतं, पण करडाचा जीव जातो तो जातोच. कधी तो कळप सोडून हरणांच्या मागं पळतो. तिथं मोठ्यानं दरडावून लगेच थांबवावं लागतं. तासाभरानं रागावून उपयोग नाही. कशाबद्दल रागावलात, ते त्याला कळत नाही. पुष्कळदा एखादी जुनी शेळीच शिंगं लावून त्याला सरळ करते. ऐकलंच नाही, तर त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला एक लाकूड लोंबतं बांधतात. चालताना त्याचा त्रास होत नाही, पण धावायला लागलं की ते गुडघ्यांवर आदळतं.

हे मी वर्गात सांगत होते, तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आवाज आला, "बाई, त्ये लोढणं हाय!"

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. बोलणारा मुलगा धनगरांच्या वाड्यावरचा. आमची शाळा पुणे जिल्ह्याच्या जिरायती पट्ट्यात आहे. दिवाळी झाली की इथले धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. हा मुलगाही त्यांच्याबरोबर जायचा. शाळा बुडायची. मग वर्गात तो गप्प गप्प असायचा आणि मीही त्याला फारसं काही विचारत नसे. कबूलच करते, त्याला काही येत नाही असंच मी धरून चालले होते.

"आमी पळनाऱ्या बैलाला बांधतो," तो म्हणाला. "आन् बाई, पिल्लू बकऱ्यात वाढलं तरच बकऱ्याचं व्हतं. घरात वाढलं की भाकरीचं व्हतं."

आता बघा! जी गोष्ट सांगायला मी दोन तास खर्च केले, ती त्यानं दोन वाक्यांत सांगितली. ('बकरी' म्हणजे त्यांच्या बोलीत मेंढरं, बरं का.) त्या दिवशी मी खुर्ची मागं घेतली आणि उरलेला तास त्यालाच दिला. त्यांच्या वाड्यावर तीन कुत्रे होते. वाड्यावरच जन्मलेले, वाघरीच्या जाळीला लागून झोपणारे. ते कांगालइतके दांडगे नव्हते आणि त्यांच्या जातीला परदेशी नावही नव्हतं. पण काम तेच. नामिबियात चित्ता, इथं लांडगा. आपल्या माळरानावरचा लांडगाही आता थोडाच उरला आहे, आणि त्याचंही भांडण मेंढरांवरूनच आहे.

असो. पिल्लाकडे परत जाऊ, कारण खाण्यापिण्याचं सांगायचं राहिलं.

नामिबियात माणसांचं रोजचं जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. त्याला 'पप' म्हणतात. माणसं जे खातात तेच कुत्र्यालाही मिळतं, जसं आपल्याकडं भाकरी. पण नुसत्या मक्यावर एवढ्या मोठ्या जातीचं पिल्लू पोसत नाही. त्याला मांस, अंडी, दूध असं काही हवं, नाहीतर कुत्र्यांसाठी तयार केलेलं कोरडं खाद्य. पिल्लाला दिवसातून तीन वेळा, मोठं झाल्यावर दोन वेळा. उपाशी कुत्रा चांगली राखण करतो, अशी काहींची समजूत असते. ती साफ चूक. उपाशी कुत्रा ससे शोधत फिरतो आणि कळप उघडा पडतो.

उलट जास्त चारणंही वाईट. मोठ्या जातीची पिल्लं सावकाश वाढायला हवीत. त्यांची वाढ दीड-दोन वर्षं चालते. लवकर दांडगं व्हावं म्हणून ठासून खाऊ घातलं आणि मनानंच कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, तर हाडं आणि सांधे बिघडतात. मग खुब्यानं लंगडणारा कुत्रा कळपाबरोबर चालणार कसा? आणखी एक धोका आहे पोटाचा. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट कधी कधी एकदम फुगतं आणि आतल्या आत पीळ पडतो. कुत्रा ओकारी काढतो, पण बाहेर काही पडत नाही. पोट ढोलासारखं होतं. अशा वेळी घरगुती उपाय करत बसलात, तर काही तासांत कुत्रा जातो. थेट जनावरांच्या डॉक्टरकडं! म्हणूनच भरपेट खाल्ल्याबरोबर त्याला पळवू नये.

मग गोचीड. संध्याकाळी कळप परत आला की कानात, बगलेत, बोटांच्या बेचक्यात बघायचं. काटे काढायचे. जंताचं औषध वेळच्या वेळी. लसी तर हव्यातच. पिसाळण्याची म्हणजे रेबीजची, पार्वोची, डिस्टेंपरची. कुत्रा मादीच्या मागं भटकू नये म्हणून त्याची नसबंदीही करतात. एक मात्र करायचं नाही. उन्हाळा आला म्हणून त्याचे केस भादरायचे नाहीत! तो दुहेरी कोट थंडीसारखाच उन्हातही कातडीला जपतो.

एवढं सगळं करूनही रानातला कुत्रा म्हातारा होईलच असं नाही. नामिबियाच्या रानात विषारी साप आहेत, बिबटे आहेत, दातेरी बबून माकडांच्या टोळ्या आहेत. चित्ता वाट बदलतो, पण बबून बदलेलच असं नाही. काही कुत्रे अपघातात जातात. आणि काहींना, लिहितानाही वाईट वाटतं, मालकच मारतात. कुत्र्यानं करडू मारलं किंवा तो हरणांच्या मागं लागला, की चिडून गोळी घालतात. त्या टगेपणाच्या काळात कुणी लक्ष दिलं असतं, तर तो कुत्रा सुधारला असता. म्हणूनच केंद्राची माणसं पहिल्या वर्षात पुन्हा पुन्हा येऊन कुत्र्याला पाहून जातात आणि हेळसांड दिसली तर त्याला परत घेतात.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात आत्ता काय चाललंय, ते मला ठाऊक आहे. "आई, मला असाच कुत्रा हवा!" थांबा. माझ्या एका नातेवाइकांनी पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या घरात हिमालयातल्या राखणदार जातीचं पिल्लू आणलं होतं. निवडायला मीही बरोबर गेले होते, आणि लोकरीच्या गुंड्यासारखं ते पिल्लू पाहून "घ्याच!" असं म्हणणारीही मीच. सात महिन्यांत ते चाळीस किलोचं झालं. रात्रभर जागं राहायचं. जिन्यात पाऊल वाजलं की भुंकायचं, लिफ्टचं दार वाजलं की भुंकायचं, दूधवाल्याला तर वर चढूच देईना. शेजाऱ्यांशी भांडणं झाली. पंख्याखाली फरशीवर पोट टेकून दिवसभर धापा टाकायचं. शेवटी त्याला एका ओळखीच्या फळबागेवर देऊन टाकलं. कुत्रं वाईट नव्हतं. रात्री जागायचं आणि पाऊल वाजलं की भुंकायचं, हेच तर त्याचं काम! आम्ही त्याला राखायला काहीच दिलं नव्हतं, म्हणून ते जिनाच राखत बसलं.

तेव्हा कुत्रा पाळायचाच असेल, तर आपल्या गल्लीतलं पिल्लू पाळा. कळपाचा कुत्रा कळपात राहू द्या. आणि घाटात किंवा माळावर मेंढरांचा कळप आडवा आलाच, तर सायकलवरून उतरा. पळू नका, दगड उचलू नका, कोकराला हात लावायला जाऊ नका. धनगरदादांना लांबूनच हाक मारा आणि सावकाश चालत कडेनं निघा. तुम्ही चोर नाही, हे कुत्र्याला तुमच्या चालण्यावरूनच कळतं. कोणताही कुत्रा चावलाच, तर साबण लावून जखम वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, घरी सांगा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. घाबरून लपवू नका.

लसीवरून आठवलं. त्या मुलाच्या वाड्यावरच्या तिन्ही कुत्र्यांना कधीच लस टोचलेली नव्हती. कुत्र्यांचे रोग माळावरच्या लांडग्यांनाही लागतात, हे मी वर्गात सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ विचार करत होता. मग म्हणाला, "बाई, डाक्तर येतील का शाळेत?"

जनावरांचे डॉक्टर आले. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, सकाळी आठला. गावातली सतरा कुत्री दोरीला धरून पोरांनी शाळेच्या पटांगणात आणली. नुसता कल्लोळ! हा पठ्ठ्या मात्र एकटाच आला. दोरी हातात, पण दोरीला कुत्रा नाही.

"काय रे, कुत्रे कुठंत?"

"न्हाई येत बाई. बकऱ्या सोडून येत न्हाईत. रस्त्यापतुर आले आन् माघारी फिरले."

डॉक्टर हसले. त्यांनी औषधाची पेटी उचलली, मोटारसायकलला अडकवली, त्या मुलाला मागं बसवलं आणि म्हणाले, "चल बाबा. वाट दाखव."